कूळ हाय का नाय

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कुणी फिसकन हसलं तर मी पुढचं सांगणार नाही, आधीच बजावते. कारण गोष्ट हसण्यासारखी आहे खरी, पण तिच्यात एका बाईचं भाताचं खाचर जाता जाता राहिलं. आणि ते घालवायला निघाली होती कोण? ही तुमच्यासमोर बसून चहा पितेय ना, ही!

एका शब्दाने घोटाळा केला हो. एका साध्या, दोन अक्षरी मराठी शब्दाने. परका शब्द असता तर म्हटलं असतं, जाऊ दे, आपली भाषा नव्हे. पण मी दादरची, जन्मापासून मराठी बोलणारी, आणि मराठीतच तोंडावर आपटले.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुभट्टीचं काम नुकतं जोरात सुरू झालं होतं. मी तेव्हा मुंबईला एम्.ए. करत होते. विषय, सामाजिक मानवशास्त्र. हा विषय घरी समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आले होते. आईला वाटे, मी हाडं उकरणार. वडील म्हणत, "माणसं बघायला एवढ्या लांब कशाला जायला हवं? आपल्या चाळीत कमी नमुने आहेत का?"

पण मला तोऱ्यात राहायची सवय. मी वडिलांना म्हटलं, "बाबा, नुसतं बघायचं नसतं. त्यांच्यात राहायचं, त्यांचं जगणं त्यांच्या डोळ्यांनी समजून घ्यायचं. आपला चष्मा घरी ठेवून जायचं."

"मग तुला दिसणार कसं?" बाबा म्हणाले.

तेव्हा मी फणकारले होते. आता वाटतं, माणूस बरोबर बोलत होता.

आम्हाला शिकवणारे सर मोठे कडक. त्यांचा पहिला धडा कुळाचा. एका मूळ पुरुषापासून आपण सगळे झालो असं मानणारी जी माणसं, ती एका कुळातली. कुळातल्या कुळात लग्न करायचं नाही, बायको बाहेरच्या कुळातून आणायची. सर म्हणायचे, "कोणत्याही समाजाचं दार उघडायची किल्ली म्हणजे कूळ. आधी कूळ विचारा. लग्न, देव, वारसा, भांडणं, सगळं त्याच्यामागून आपोआप येईल." मी हे वाक्य घोकून ठेवलं होतं. भांडणं आपोआप येतील, एवढं मात्र सरांचं शब्दशः खरं झालं.

तर मी बोईसरला उतरले. स्टेशनाबाहेर खडीचे ट्रक, धूळ, हिंदी बोलणारे मजूर. तिथून आत, डोंगराच्या पायथ्याला एक वारल्यांचा पाडा होता. नाव सांगत नाही. तिथं अजून मला ओळखतात आणि ते कशाने ओळखतात ते पुढे येईलच.

आता एकटी मुलगी राहणार कुठं? बाबांच्या ओळखीच्या ओळखीतून सोय झाली नानाशेठकडे. नानाशेठ म्हणजे त्या भागातले जमीनदार. पाड्यावरची बरीचशी जमीन त्यांची. गृहस्थ बोलायला असे गोड की विचारू नका. "बाई, घर आपलंच समजा. आमच्या अडाणी माणसांत तुम्ही शिकलेल्या आलात, आमचं भाग्य." शेठाणीबाईंनी पहिल्याच दिवशी उकडहंडी केली. कोनफळ, रताळं, वालाच्या शेंगा, मडक्यात शिजवलेलं. मी दोनदा वाढून घेतलं आणि मनात म्हटलं, काय देवमाणसं आहेत!

सरांनी एक गोष्ट सांगितली होती खरी, की गावात कुणाच्या दारातून शिरता ते नीट बघा. पण त्या दिवशी मी बहुतेक मागच्या बाकावर बसले असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठच्या घरातून निघाले. शेठच्या पायवाटेने, शेठने दिलेली छत्री उघडून, पाड्यावर गेले. पहिलंच झोपडं एका म्हाताऱ्याचं. धर्मा त्याचं नाव. अंगणात बसून तो टोपली विणत होता.

मी हात जोडून विचारलं, "आजोबा, तुमचं कूळ कोणतं?"

म्हाताऱ्याचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं, माझ्या छत्रीकडे बघितलं.

"काय इचारते बाय?"

मला वाटलं, माझी भाषा पुस्तकी पडली. मानवशास्त्राचा नियमच आहे, लोकांच्या बोलीत बोला. आणि मी तर आदल्या संध्याकाळपासून बोली शिकत होते! आमी, तुमी, हाय, नाय, अगदी तोंडपाठ. म्हणून मोठ्या ऐटीत, त्यांच्या बोलीत, स्वच्छ मोठ्या आवाजात विचारलं,

"कूळ हाय का नाय?"

झालं! हाच तो प्रश्न. तुमच्यातल्या गावाकडच्या मंडळींचे चेहरे बघा कसे झालेत आत्ताच. तुम्हाला कळलं. मला नव्हतं ना कळलं!

धर्मा आजोबा झटकन म्हणाला, "नाय बाय. कूळ-बिळ काय नाय."

"काहीच नाही?"

"काय बी नाय."

आता हे मला कळायला काय हरकत होती? तो घाबरला होता. हातातली बांबूची काडी थरथरत होती. पण मला दिसली ती फक्त काडी. मी म्हटलं, म्हातारा आहे, हात कापत असेल.

दुसऱ्या घरी तेच. "कूळ हाय का नाय?" "नाय नाय बाय, कूळ नाय." तिसऱ्या घरी तर मी विचारायच्या आधीच घरधनीण दारात येऊन म्हणाली, "आमी कूळ नाय हां!" आणि दार ओढून घेतलं. माझ्या पुढे पुढे बातमी धावत होती. मी मात्र खूश. म्हटलं, किती सहकार्य करतात हे लोक!

एका घरी एक जण म्हणाला, "बापाच्या येळेला व्हतं. मंग काढलं."

"कूळ काढलं? कुणी?"

त्याने हनुवटीने शेठच्या घराकडे दाखवलं.

"का बरं?"

"शेठचा राग झाला."

मी थरारले. अहो, कुळातून माणसाला बाहेर काढण्याचा अधिकार एका परजातीच्या जमीनदाराच्या हातात! असं कुठल्या पुस्तकात नाही! मी एका दगडावर बसून विचार केला, की हा बहिष्काराचा प्रकार की यजमानी पद्धतीचा? खडीच्या ट्रकची धूळ अंगावर येत होती आणि मी सिद्धांत रचत होते.

शेवटचं घर मंगळीचं. तिच्यासाठी जरा थांबते, कारण गोष्ट तिची आहे.

मंगळी विधवा बाई. नवरा मागच्या पावसाळ्याच्या आधी गेला. उतारावर तिचं एक भाताचं खाचर, खाली ओहोळ. नवऱ्याने बांध घालून घालून ते सपाट केलेलं. आता ती एकटी ते कसत होती. आवणीला, म्हणजे रोपं लावायला, भावाला बोलवायची, बाकी सगळं एकटीच्या हाताने. मी गेले तेव्हा ती सुकट भाजत होती. सातपाटीच्या कोळणी बाजाराला आणतात, ती. वासाने माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले.

"मावशी, एक विचारायचंय."

"ठाव हाय काय इचारायचं ते." ती वर न बघता म्हणाली. "तू शेठकडं उतरली ना?"

"हो."

"मंग मना कशाला इचारते? त्यालाच इचार."

"पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. कूळ हाय का नाय?"

तिने तवा खाली ठेवला. मग खाचराकडे बघत म्हणाली, "नाय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काय समजले असेन? सुकटीचा धूर! खरंच सांगते, मी तिला म्हटलंसुद्धा, "जरा बाजूला बसा मावशी, धूर लागतोय." अजून ते आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

संध्याकाळी मी शेठकडे परतले ती तरंगतच. जेवायला बसलो. मला राहवेना. एवढा मोठा शोध! कूळ नसलेला समाज! सरांची सगळी व्याख्यानं परत लिहावी लागणार!

"नानाशेठ," मी म्हटलं, "एक विलक्षण गोष्ट सापडली."

"काय हो बाई?"

"तुमच्या या पाड्यात एकही कूळ नाही!"

नानाशेठचा घास हातातच राहिला. शेठाणीबाईंनी पंखा थांबवला.

"काय म्हणालात? परत सांगा."

"एकही कूळ नाही! मी घरोघर जाऊन विचारलं. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं."

"मंगळीनं पण?"

"मंगळीनं पण."

काय सांगू, नानाशेठचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, या माणसाला शास्त्राची किती गोडी आहे! उगाच आपण जमीनदारांना नावं ठेवतो. ते बायकोला म्हणाले, "अगं, बाईंना तूप वाढ. आणखी वाढ." मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात, "बाई, हे तुम्ही साहेबांसमोर सांगाल?"

"साहेबांसमोर?" मी छाती काढून म्हटलं. "अहो, मी भर परिषदेत सांगीन! सबंध देशासमोर सांगीन!"

"तेवढं नको. पालघरच्या साहेबांसमोर सांगितलंत तरी पुरे."

मला वाटलं, पालघरला कुणी मानवशास्त्राचे अभ्यासक साहेब असतील. हसू नका म्हटलं ना!

साहेबांनी दिलेल्या तारखेला नानाशेठनी मला छकड्यातून स्टेशनापर्यंत नेलं आणि तिथून पालघरला कचेरीत. जाताना गाडीत पेढे खायला दिले. कचेरीच्या व्हरांड्यात बघते तर आमचा अख्खा पाडा जमिनीवर बसलेला! धर्मा आजोबा, ते दार ओढून घेणारी बाई, आणि भिंतीला टेकून मंगळी. मला बघितल्यावर सगळ्यांनी माना फिरवल्या. मी आपली हात हलवतेय. मला वाटलं, लाजतात.

आत साहेब बसले होते. बारीक, पिकलेल्या मिशांचे, कपाळावर आठी. एक कारकून, दाराशी शिपाई. नानाशेठ खुर्चीवर, मी त्यांच्या शेजारी खुर्चीवर. पाडा सगळा मागे दाराशी उभा. आपण कुठं बसलोय हे बघायला मला चष्मा लागत नव्हता, पण बघितलं कोणी?

शिपायाने दाराशी जाऊन पुकारा केला, "कूळ हजर आहे का, कूळ?"

मी दचकले. आणि भिंतीजवळून मंगळी पुढे आली. पदर सारखा करत, अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"हाय जी. मी कूळ."

आता तुम्हीच सांगा. एवढा माझा शोध. कूळ नसलेला समाज. आणि ही बाई भर कचेरीत म्हणते, मी कूळ! मला इतका राग आला, इतकी फसवणूक वाटली, की मी खुर्चीवरून उठून ओरडले,

"अहो मावशी! पण तुम्ही तर मला म्हणाला होतात, कूळ नाही म्हणून!"

कारकुनाचा टाक थांबला. साहेबांनी मान वर केली. नानाशेठ खुर्चीत मागे रेलून असे हसले की त्यांच्या पोटावरचं बटण ताणलं गेलं. आणि मंगळी? तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती आधाराला भिंत शोधायला लागली, पण भिंत मागे राहिली होती.

माझ्या मागून धर्मा आजोबा दात चावत पुटपुटला, "बाय, तू कुठली गो? कूळ म्हंजे जमीन कसनारा! तिची जमीन खाल्ली तू!"

त्या क्षणी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कूळ. कूळकायदा! रोज सकाळी बाबांच्या वर्तमानपत्रात वाचलेला शब्द. कसेल त्याची जमीन. तो शब्द माझ्या डोक्यात एका कप्प्यात आणि सरांचं कूळ दुसऱ्या कप्प्यात, आणि मध्ये दार नव्हतं. घरोघर, शेठच्या छत्रीखाली, मी काय विचारत फिरले होते? "तुम्ही शेठचं कूळ आहात की नाही?" आणि त्या बिचाऱ्यांनी, आहे म्हटलं तर शेठ उद्याच नांगर बाहेर काढील म्हणून, नाही म्हणून सांगितलं. आणि ते मी सगळं तुपाबरोबर शेठच्या पानात वाढलं!

"बाई, तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी... एम्.ए. करते."

"ते असू दे. या जमिनीशी तुमचा काय संबंध?"

"काही नाही."

"मग ओरडता कशाला?"

मी तोंड उघडायच्या आत नानाशेठ उठले. "साहेब, मी सांगतो. बाई मुंबईच्या, शिकलेल्या. माझ्याशी काडीचं नातं नाही. स्वतः घरोघर फिरून चौकशी केली त्यांनी. एकजात सगळ्यांनी सांगितलं, कूळ नाही. ही मंगळी आमच्याकडं मजुरीनं यायची, साहेब. नवरा पण मजूरच. कूळ कसली? विचारा बाईंना, खोटं बोलणार नाहीत त्या."

"खरं आहे?" साहेब.

खरं तर होतंच. हेच संकट होतं. मी खोटं बोलून सुटणार नव्हते आणि खरं बोलून मंगळी मरणार होती.

"साहेब," मी म्हटलं, "त्यांनी तसं सांगितलं. पण मला कूळ म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं!"

नानाशेठ खो खो हसले. "ऐका साहेब! मराठी बाई, एम्.ए. शिकते, आणि म्हणते कूळ ठाऊक नाही! शेंबडं पोर सांगेल. कुणी तरी घाबरवलं बाईंना. अहो, हुशार आहेत फार, रोज जेवताना ऐकतो ना मी!"

आयुष्यात माझ्या हुशारीची एवढी तारीफ कुणी केली नव्हती. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला, मी मठ्ठ आहे हे सिद्ध करण्यासाठी जिवाचा आटापिटा करावा लागत होता.

"मग तुम्हाला कूळ म्हणजे काय वाटलं?" साहेबांनी विचारलं.

मी सरांचा धडा म्हणायला सुरुवात केली. "कूळ म्हणजे साहेब, एका मूळ पुरुषापासून झालेली सगळी माणसं. म्हणजे झालो असं मानणारी. तो मूळ पुरुष कधी कधी माणूस नसतोही."

"मग कोण असतो?"

"झाड असतं. किंवा पक्षी. किंवा कासव."

कारकुनाने कपाळाला हात लावला. साहेब माझ्याकडे एकटक बघत होते. "कुळाचा बाप कासव?"

"मानतात तसं, साहेब. आणि कुळातल्या कुळात लग्न होत नाही."

"का?"

"पाप असतं."

"आणि कुळाचं मालकाशी?"

शिपाई तोंडावर टोपी धरून बाहेर पळाला. मी मात्र मागे हटले नाही. आता हटून चालणारच नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, एका माणसाने मला सांगितलं, बापाच्या वेळेला कूळ होतं, शेठने रागावून काढलं. तर मला वाटलं, नानाशेठना माणसाला भाऊबंदांतून बाहेर टाकायचा अधिकार आहे. मी त्याच्यावर निबंध लिहिणार होते!"

साहेबांची आठी एकदम बदलली. ते नानाशेठकडे वळले. "कुणाचं कूळ काढलंत, शेठ?"

नानाशेठचं हसू तिथल्या तिथे सुकलं. "बाईंना काय कळतं साहेब? त्या काहीही बोलतात."

"आत्ता तर म्हणालात, फार हुशार आहेत!"

नानाशेठ खाली बसले. रुमालाने मान पुसायला लागले.

साहेब मंगळीकडे वळले. आवाज मऊ केला. "बाई, तू हिला कूळ नाही म्हणून सांगितलंस?"

"सांगितलं."

"का सांगितलंस?"

मंगळी बोलली. मी त्या दिवशी जे ऐकलं ते कुठल्या वर्गात ऐकलं नव्हतं. "सायेब, ही शेठच्या घरातून आली. शेठची छत्री डोक्यावं. इचारते, कूळ हाय का नाय? हाय म्हनलं तर शेठ मना काढनार. नाय म्हनलं तर सरकार काढनार. म्या म्हनलं, सरकार लांब हाय, शेठ जवळ हाय. म्हनून नाय म्हनलं. पन माज्या धन्यानं त्यो बांध घातला. दगडं डोक्यावं आनली त्यानं, व्हळ वलांडून वलांडून. मी मजूर नाय, सायेब. ती जागा सोडून मी कुठं जाऊ?"

मग ती रडली. व्हरांड्यातल्या दोन बाया पण रडल्या.

साहेबांनी धर्मा आजोबाला पुढे बोलावलं. "म्हातारबाबा, खरं सांग. त्या खाचरात चिखल कोण करतं?"

"आदी तिचा नवरा, सायेब. आता ती."

"आणि शेठ?"

धर्मा आजोबा जरा घुटमळला. नानाशेठकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मंगळीकडे बघितलं. मग म्हणाला, "शेठला आमी चिखलात कंदी बगितला नाय. त्याचं धोतर लय पांढरं."

एकाचं बघून दुसरा बोलला, दुसऱ्याचं बघून तिसरी. माझ्या तोंडावर दार ओढून घेणारी बाई तर सगळ्यात मोठ्याने बोलली. आदल्या दिवसापर्यंत ज्यांच्या तोंडून 'नाय' सोडून काही निघत नव्हतं, ती माणसं एकमेकांच्या वर आवाज चढवून सांगायला लागली, की आवणी कुणी केली, बांध कुणी घातला, राखण कुणी केली.

साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि कारकुनाला सांगायला लागले. मोठ्याने, एकेक शब्द तोडून. मी ते अजून विसरलेले नाही.

"लिहा. साक्षीदार बाई उच्चशिक्षित असल्या, तरी त्यांना प्रस्तुत विषयातले काहीही कळत नाही, असे त्यांच्याच बोलण्यावरून स्पष्ट दिसून येते. सबब त्यांच्यापाशी कुणी काही बोलले असल्यास ते कुळाविरुद्ध धरता येत नाही. मंगळीबाई या जमिनीचे कूळ आहे."

मी आजवर बऱ्याच परीक्षा पास झाले. पण जेवढा आनंद मला नापास होताना झाला तेवढा कधी झाला नाही. मी हात जोडून साहेबांना म्हटलं, "उपकार झाले!" साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या सरांना सांगा, गावात पाठवायच्या आधी एक मराठी शब्दकोश घेऊन द्या."

बाहेर आले तर नानाशेठ नव्हते. ते आधीच्या गाडीने निघून गेले होते. मी पोचले तेव्हा माझी ट्रंक शेठच्या ओट्यावर बाहेर काढून ठेवलेली. दार बंद. शेठाणीबाई खिडकीतून म्हणाल्या, "बाई, आमच्याकडं पाहुणे येणार आहेत." देवमाणसं!

ट्रंकेवर बसून मी रडत होते. मुंबईला जायचं तर सरांना काय तोंड दाखवणार? तेवढ्यात मंगळी समोर येऊन उभी राहिली. बरोबर धर्मा आजोबा.

"काय करते हितं?"

"मावशी, मला माफ करा."

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "तू वरडली तवा माजे पाय गेले. तुज्या तोंडात माती घालावी असं वाटलं मना. खरं सांगते."

"घाला."

"नाय. मंग तू त्या कासवाचं बोललीस ना, तवा म्या म्हनलं, हिला कोनी पाठवलेली नाय. ही आपसूकच अशी हाय." तिने ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी धर्मा आजोबाने. "चल. भाकर खा. कुठं जाशील आता?"

असं माझं पाड्यात राहणं सुरू झालं, सर म्हणायचे तसं, लोकांत, लोकांसारखं. मंगळीच्या झोपड्यात, चुलीशेजारी. नाचणीची भाकरी, सुकट. पहिल्या दिवशी खाचराच्या बांधावरून घसरले तेव्हा तिने मला उचलून उभं केलं.

आणि गंमत बघा, आता विचारावं लागेना! जो तो आपणहून येऊन सांगे. कुणाचं लग्न कुणाशी चालतं, कुणाशी नाही. ज्याला मी कूळ म्हणत होते त्याला ते साधं 'भाईबंद' म्हणत. एवढं सोपं! लग्नात आधी कोण गातं, हिरवा देव कुणाच्या घरी बसतो, माणूस मेल्यावर काय करतात, सगळं सांगत. आणि कसं सांगत? हळूहळू, हात धरून, तीनतीनदा, "कळलं का गो तुला?" असं मध्ये मध्ये विचारत. मला वाटायचं, किती जीव लावला या लोकांनी मला, किती विश्वास बसला!

मग एकदा सफाळ्याकडून मंगळीची बहीण पाहुणी आली. मी अंगणात बसून तांदूळ निवडत होते. तिने मला आपादमस्तक बघितलं. शहरी साडी, दोन वेण्या, चष्मा. बहिणीच्या कानाशी लागली, पण आवाज मला ऐकू येईल इतका मोठा होता.

"ही गो कोन?"

"ही?" मंगळी सूप झटकत, मोठ्या मायेने म्हणाली, "आमचीच हाय. तू काय बी सांगायचं झालं तर हळू सांग. हिला काय कळत नाय. सायबानं लिवून दिलंय."